ज्याला गिटार वाजवता येत नव्हती, त्यानं ती घरी जोडता येईल अशी बनवली

समजा तुम्ही नवापूरला राहता. तेच नवापूर, ज्याचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे. आणि समजा तुम्हाला इलेक्ट्रिक गिटार घ्यायची आहे. वाद्यांचं मोठं दुकान गाठायचं तर एक तर सुरतेला जा, नाहीतर नाशिकला. तिथं जाऊन किंमत विचारली की अर्धा उत्साह दुकानातच उतरतो.

मग मोबाईलवर शोधता शोधता एक वेगळीच गोष्ट समोर येते. गिटारचं किट.

म्हणजे एक खोकं. त्यात लाकडाची कापलेली बॉडी, पट्ट्या बसवलेला दांडा, तारा ताणायच्या खुंट्या, तारा जिथं अडकतात तो ब्रिज, दोन-तीन पिकअप, आवाज कमी-जास्त करायची बटणं, थोडी वायर आणि पुडीभर स्क्रू. बाकीचं तुम्ही करायचं. स्क्रू-ड्रायव्हर, सोल्डरिंग गन, पॉलिश पेपर आणि थोडा धीर असला की काही संध्याकाळींत गिटार उभी राहते. रंग वाळायला लागतो तेवढाच काय तो जास्तीचा वेळ.

आता प्रश्न असा की सतार अशी खोक्यात का येत नाही?

आपल्याकडे मिरजेत दीडशेहून जास्त वर्षं सतारी आणि तंबोरे बनतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण तिथला भोपळा, लाकूड, त्यांचा जोड आणि जवारी काढण्याची कला पिढ्यान् पिढ्या हातातून हातात आली आहे. सतारीचा आवाज तिच्या पोकळीत असतो. ती पोकळी बिघडली की सतार बिघडली. चार स्क्रू पिळून ती होत नाही.

इलेक्ट्रिक गिटार मात्र होते. कारण ती तशी व्हावी असं एका माणसानं ठरवलं होतं. गंमत म्हणजे हा माणूस वादक नव्हता. त्याला गिटार धड सुरात लावताही येत नव्हती. तो रेडिओ दुरुस्त करायचा.

त्याचं नाव लिओ फेंडर.

संत्र्याची बाग आणि मामाचं खोकं

क्लॅरन्स लिओनायडस फेंडर हे त्याचं पूर्ण नाव. जन्म १० ऑगस्ट १९०९, अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात. ॲनाहाइम आणि फुलरटन या दोन गावांच्या मध्ये आईवडिलांची संत्र्याची बाग होती. शेतकऱ्याचं पोर, त्यामुळं लहानपणापासून कामाची सवय.

आठ वर्षांचा असताना त्याच्या डाव्या डोळ्यात गाठ झाली. डोळा काढावा लागला आणि त्या जागी काचेचा डोळा बसला. पुढं दुसऱ्या महायुद्धात त्याला सैन्यात घेतलं नाही ते याच कारणानं.

चौदाच्या आसपास असताना एका मामानं त्याला एक खोकं पाठवलं. या मामाचं सांता मारिया गावात मोटारींच्या इलेक्ट्रिक कामाचं दुकान होतं. खोक्यात रेडिओचे टाकून दिलेले भाग आणि एक बॅटरी होती. पुढच्या वर्षी लिओ मामाच्या दुकानात गेला, तर दारात मामानं स्वतः सुट्या भागांतून जोडलेला रेडिओ मोठ्यानं वाजत होता. तो आवाज पोराच्या डोक्यातून काही गेला नाही. घरी येऊन त्यानं रेडिओ उघडायला आणि जोडायला सुरुवात केली.

शाळेत थोडा पियानो आणि सॅक्सोफोन शिकला होता. गिटारशी मात्र काही संबंध नव्हता.

हिशेबनीस ते मेकॅनिक

कॉलेजात त्यानं घेतलं अकाउंटिंग. इलेक्ट्रॉनिक्सचं रीतसर शिक्षण त्यानं कधीच घेतलं नाही. बर्फाच्या आणि शीतगृहाच्या कंपनीत आधी माल पोचवायचं काम केलं, मग तिथंच हिशेब लिहायला लागला. याच काळात एका बँडवाल्यानं त्याला कार्यक्रमांसाठी लाऊडस्पीकरची यंत्रणा बनवून मागितली. त्यानं अशा सहा यंत्रणा बनवून दिल्या.

१९३४ मध्ये एस्थर क्लॉस्की हिच्याशी लग्न झालं. मंदीचे दिवस होते. आधी राज्याच्या महामार्ग खात्यातली नोकरी गेली, मग एका टायर कंपनीतली. शेवटी १९३८ मध्ये त्यानं ६०० डॉलर उसने घेतले, फुलरटनला परत आला आणि पाटी लावली : फेंडर रेडिओ सर्व्हिस. एस्थर टेलिफोन कंपनीत काम करायची. सुरुवातीच्या ओढाताणीत तिच्या पगाराचा मोठा आधार होता.

इथून गोष्ट बदलते. कारण रेडिओच्या दुकानात फक्त रेडिओ येत नव्हते.

गावोगावचे वादक आपापले ॲम्प्लिफायर घेऊन यायचे. कुणाचा आवाज फाटतोय, कुणाची वायर तुटली आहे, कुणाच्या गिटारचा पिकअप मेलाय. यातल्या बहुतेकांचं पोट वाजवण्यावर होतं. रात्री कार्यक्रम आणि दुपारी वाद्य बंद, म्हणजे त्या रात्रीचा रोज बुडाला. आपल्याकडे लग्नसराईत बँडच्या गाडीवर कीबोर्ड बंद पडला की मालकाचा जीव कसा वरखाली होतो ते आठवा. तीच गत.

लिओ वाद्याकडं बघायला शिकला तो या बाकड्यावरून. स्टेजवरून त्यानं ते कधी पाहिलंच नाही. वादकाला प्रश्न पडतो, वाजतंय कसं? लिओला प्रश्न पडायचा, हे बिघडतं कुठं, आणि उघडायला किती वेळ लागतो?

पोकळ गिटारचं दुखणं

वीज लावलेली गिटार लिओनं शोधली असा एक समज आहे. तसं नाही. रिकनबॅकर कंपनीची मांडीवर आडवी ठेवून वाजवायची इलेक्ट्रिक गिटार १९३०च्या दशकाच्या सुरुवातीलाच आली होती. आपल्याकडे जिला हवाईयन गिटार म्हणतात, तीच जात.

तिच्यातली युक्ती साधी आहे. लोहचुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे गुंडाळायचे. वर स्टीलची तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये बारीकशी वीज तयार होते. मायकेल फॅरेडेनं १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्व ते हेच. ती वीज ॲम्प्लिफायरमध्ये गेली की मोठा आवाज. हा झाला पिकअप.

गळ्यात अडकवून वाजवायच्या गिटारी मात्र अजून पोकळच होत्या. त्यांच्यावर पिकअप बसवून आवाज वाढवला की स्पीकरचा आवाज परत पोकळीत शिरायचा, लाकूड थरथरायचं, आणि सभागृहभर शिट्टीसारखी किंचाळी उठायची. गणपतीत माइक स्पीकरसमोर नेला की जे होतं तेच.

१९४३ च्या सुमारास लिओ आणि त्याचा मित्र डॉक कॉफमन यांनी पिकअप तपासण्यासाठी लाकडाच्या भरीव तुकड्याची एक ओबडधोबड गिटार केली. ती विकायची नव्हती, फक्त तपासणीला होती. पण आसपासच्या वादकांनी ती ऐकली आणि कार्यक्रमाला उसनी मागायला लागले. आवाज स्वच्छ, सूर लांबपर्यंत टिकणारा आणि किंचाळी नाही. लिओला कळलं की लोकांना नेमकं हेच हवं आहे.

दोघांनी मिळून काढलेली कंपनी फार चालली नाही. १९४६ मध्ये कॉफमन बाहेर पडला. लिओनं एकट्यानं पुढं कंपनी चालवली आणि १९४८ मध्ये जॉर्ज फुलरटन नावाचा हुशार सहकारी त्याला येऊन मिळाला.

फळी, दांडा आणि चार स्क्रू

१९५० मध्ये त्यांची भरीव गिटार बाजारात आली. एक पिकअप असलेली एस्क्वायर आणि दोन पिकअपची ब्रॉडकास्टर. ग्रेच कंपनीचे ड्रम जवळजवळ त्याच नावानं विकले जात होते, त्यांनी हरकत घेतली. लिओनं भांडण न करता नाव काढून टाकलं. काही महिने गिटारींवर फक्त कंपनीचं नाव होतं. मग १९५१ मध्ये नवं नाव आलं, टेलिकास्टर. टीव्हीचा जमाना सुरू होत होता ना.

व्यापाऱ्यांनी आधी हिची टिंगल केली. कुणाला ती होडीचं वल्हं वाटली, कुणाला बर्फ उपसायचं फावडं. कारण तोवर चांगली गिटार म्हणजे कोरीव, वाकवलेली, सरसानं जोडलेली वस्तू. ही तर फळीच होती.

पण हीच फळी आज तुमच्या खोक्यात आहे. खोकं उघडून एकेक भाग हातात घेतला की लिओचं डोकं कसं चालायचं ते दिसतं.

पहिला भाग, दांडा. जुन्या पद्धतीत दांडा बॉडीला सरसानं चिकटवत. तो वाकला किंवा पट्ट्या झिजल्या की कारागिराकडं जा, आठवडे थांबा. लिओनं दांडा बॉडीच्या खाचेत बसवला आणि मागून चार स्क्रू पिळले. खराब झाला? चार स्क्रू काढा, दुसरा बसवा. दांडा आणि बॉडी वेगवेगळ्या टेबलांवर, वेगवेगळ्या माणसांनी बनवता येऊ लागली आणि त्यामुळं किंमतही आटोक्यात राहिली. घरी जोडताना हीच जागा सगळ्यात महत्त्वाची. दांडा किंचित जरी तिरका बसला तरी कडेच्या तारा पट्ट्यांवरून खाली घसरतात. म्हणून स्क्रू पूर्ण पिळायच्या आधी दोन्ही कडेच्या तारा लावून रांग बघून घ्यायची.

दुसरा भाग, दांड्याच्या पोटातली लोखंडी सळई. इथं लिओ आधी अडून बसला होता. मेपलचं लाकूड कडक आहे, सळई कशाला, असं त्याचं मत. सुरुवातीच्या काही गिटारींचे दांडे तारांच्या ताणानं वाकले तेव्हा त्यानं सळई घातली. आज किटसोबत येणारी छोटी ॲलन की त्या सळईसाठी असते. नवापूरसारख्या भागात उन्हाळा कोरडा आणि पावसाळा दमट. लाकूड फुगतं, आकसतं. तेव्हा ही चावी फेकून देऊ नका. फिरवताना एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही.

तिसरा भाग, ब्रिज. त्यावर तारेखालचे तुकडे मागंपुढं सरकतात. खुली तार सुरात आहे पण बाराव्या पट्टीवर बेसूर वाजते, असं झालं की तो तुकडा सरकवायचा. बाराव्या पट्टीवर सूर चढा येत असेल तर तुकडा मागं, उतरता येत असेल तर पुढं. कारागिराची गरज नाही, मोबाईलवरचं ट्यूनर ॲप पुरतं.

चौथा भाग, वायरिंग. सगळी बटणं एका पट्टीवर. पट्टीचे स्क्रू काढले की आख्खं वायरिंग समोर, अगदी रेडिओचं मागचं झाकण काढल्यासारखं. एक वायर ब्रिजखाली जाते, तिला विसरायचं नाही. तारा तिच्यामार्फत अर्थला जोडल्या जातात. ती सुटली असेल तर गिटार सतत गुणगुणते.

आणि बॉडी? लिओनं ॲश नावाचं अमेरिकन लाकूड वापरलं, कारण ते त्याला सहज मिळत होतं. बॉडी पोकळ नसल्यामुळं लाकडाचे इतके लाड करावे लागत नाहीत. आपल्याकडचं चांगलं वाळलेलं सागवानही चालतं. सागाच्या तेलकटपणामुळं त्यावर चिकटवलेला जोड नीट धरत नाही, पण इथं दांडा चिकटवायचाच नाही, त्यामुळं ती अडचण उरत नाही.

बास, स्ट्रॅट आणि मुंबईचा बेंजो

१९५१ मध्येच लिओनं प्रिसिजन बास आणली. तोवर बँडमधला बासवाला माणसाएवढं मोठं वाद्य गाडीच्या टपावर बांधून फिरायचा, आणि वाजवलं तरी गोंगाटात ते ऐकू यायचं नाही. लिओनं तेच काम गळ्यात अडकवता येईल अशा वाद्यात आणलं आणि दांड्यावर पट्ट्या दिल्या, म्हणजे सूर नेमका लागतो.

१९५४ मध्ये आली स्ट्रॅटोकास्टर. टेलिकास्टरच्या धारदार कडा छातीला आणि कोपराला टोचतात, अशी बिल कार्सनसारख्या वादकांची तक्रार होती. लिओनं ऐकून घेतलं आणि कडा घासून गोल केल्या. फ्रेडी टवारेस या सहकाऱ्यानं आकार कागदावर उतरवला. तीन पिकअप आले, सूर थरथरवायचा दांडा आला. लिओ नमुने वादकांना द्यायचा, ते क्लबात वाजवून परत आणायचे आणि काय जमलं नाही ते सांगायचे. स्वतः वाजवता येत नसल्यामुळं त्याला विचारण्यावाचून गत्यंतर नव्हतं. एका अर्थानं हेच त्याच्या पथ्यावर पडलं.

हे सगळं वाचून अमेरिकेची गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. मुंबईतली बेंजो पार्टी आठवा. जपानमध्ये १९१२ मध्ये गोरो मोरिता यानं ताइशोगोतो नावाचं बटणांचं तारवाद्य काढलं. ते आपल्याकडं बुलबुल तरंग किंवा बेंजो म्हणून रुळलं. मिरवणुकीत ढोल-ताशांपुढं त्याचा आवाज टिकेना, तेव्हा त्यालाही पिकअप लावून स्पीकरला जोडलं गेलं. रवी जाधव यांच्या २०१६ च्या ‘बँजो’ सिनेमात दिसतो तो हाच. गरज एकच होती, गर्दीत आपला सूर ऐकू जावा.

नाव विकलं, बाकडं सोडलं नाही

कंपनी वाढत गेली. पण १९५० च्या दशकाच्या मध्यापासून लिओला सायनसचा जंतुसंसर्ग जडला होता आणि तो हटत नव्हता. आपण फार दिवस जगत नाही, अशी त्याची खात्री झाली. आवराआवर करावी म्हणून त्यानं कंपनी विकायला काढली. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या बड्या माध्यम कंपनीनं ती १.३ कोटी डॉलरला घेतली. ६०० डॉलर उसने घेऊन सुरू झालेला धंदा होता तो.

आणि मग काय व्हावं? लिओनं डॉक्टर बदलला आणि तो बरा झाला.

आता तब्येत होती, पैसा होता, पण कंपनी नव्हती. करारानुसार दहा वर्षं या धंद्यात स्पर्धा करायची नव्हती. स्वतःचं आडनावही आता दुसऱ्याचं झालं होतं. १९६९ मध्ये वुडस्टॉकच्या मैदानावर जिमी हेंड्रिक्सनं उजव्या हाताची स्ट्रॅटोकास्टर उलटी धरून जगाला वेड लावलं, तेव्हा त्या गिटारवर फेंडर लिहिलेलं होतं, पण फेंडरचा मालक फेंडर नव्हता.

दुसऱ्या कुणी बागेत खुर्ची टाकली असती. मुदत संपताच १९७५ मध्ये लिओ म्युझिक मॅन कंपनीचा अध्यक्ष झाला. १९७६ ची स्टिंगरे बास तिथली. १९७९ मध्ये एस्थर कॅन्सरनं गेली. त्याच सुमारास त्यानं जॉर्ज फुलरटनसोबत जी अँड एल ही नवी कंपनी काढली. १९८० मध्ये फिलिस हिच्याशी दुसरं लग्न केलं. पुढं कंपवातानं हात थरथरायला लागले तरी तो रोज कामावर यायचा. २१ मार्च १९९१ रोजी तो गेला. आदल्या दिवशीपर्यंत तो कामावर होता. वय ८१.

१९९२ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं. गिटार न वाजवणाऱ्या माणसाचं.

मग किटवर नाव कुणाचं?

शेवटचा मुद्दा, जो किट घेणाऱ्यानं माहीत करून घ्यावा. टेलिकास्टर आणि स्ट्रॅटोकास्टरच्या बॉडीचे आकार फक्त आपले म्हणून नोंदवावेत, असा अर्ज फेंडर कंपनीनं अमेरिकेत केला होता. २००९ मध्ये तिथल्या ट्रेडमार्क मंडळानं तो फेटाळला. इतकी वर्षं इतक्या लोकांनी हे आकार बनवलेत की ते आता सगळ्यांचे झालेत, असा त्याचा अर्थ. मात्र दांड्याच्या टोकाचा विशिष्ट आकार आणि कंपनीचं नाव यांवर तिचा हक्क कायम आहे. म्हणून बऱ्याच किटमध्ये दांड्याचं टोक कोरं, न कापलेलं येतं. ते आपल्या मनानं कापायचं असतं. तिथं फेंडरचं स्टिकर लावून ती गिटार विकणं म्हणजे फसवणूक.

खरं तर त्या कोऱ्या लाकडावर स्वतःचं नाव घालायची संधी असते. आधी कागदावर आकार काढा, पुठ्ठ्याचा साचा करून टोकावर ठेवून बघा, खुंट्यांची भोकं कडेच्या फार जवळ येत नाहीत ना ते तपासा आणि मगच करवत लावा. पहिली गिटार दुकानातल्यासारखी वाजणार नाही. थोडी गुणगुणेल, एखादी तार पट्टीला घासेल. पण कुठला स्क्रू सैल करायचा ते तुम्हाला माहीत असेल, कारण तो तुम्हीच पिळलेला आहे. त्यासाठी सुरतेची गाडी पकडावी लागणार नाही.